सायलीचं स्टेज आणि माझी अर्धी शीट

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात स्टेजवर एकूण सदतीस माणसं चढली आणि त्यातला एकच खाली गेला. सदतीस हा आकडा पक्का आहे. मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, समोर माणसं दिसली की माझी मोजणी आपोआप सुरू होते. (सासऱ्यांच्या दहाव्यालाही मी माणसं मोजली होती. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही.) खाली गेलेला तो एक कोण, हे मी एरवी सांगितलं नसतं. पण आमच्या कळंबात आता ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा लपवून काही उपयोग नाही.

सायली माझी एकुलती एक मुलगी. इंटिरियरचा डिप्लोमा झाल्यावर ती नोकरीला पुण्यात जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. तिच्या आईनं चटण्यांचे डबेसुद्धा भरले होते. तर ही एका सकाळी म्हणाली, "अण्णा, रस्त्याकडंचं आपलं पत्र्याचं शेड रिकामंच हाय ना?" त्या शेडमध्ये तिनं एक कटिंगचं मशिन आणलं, एक ड्रिल आणलं आणि प्लायवूडचं काम सुरू केलं. चटण्या मीच खाल्ल्या.

आता माझं प्लायबद्दलचं मत त्या वेळी फार स्पष्ट होतं. लाकूड म्हणजे सागवान, बाकी सगळा भुसा. त्यातून सायली आणायची ती पाइनची प्लाय, म्हणजे मऊ लाकडाची. रंगानं फिकी, वजनाला हलकी, अंगावर गाठीच गाठी. मी येताजाता शेडच्या दारात उभा राहून म्हणायचो, "पोरी, पुठ्ठ्यावर कशाला आयुष्य घालवतेस?" चार-पाच वेळा ऐकून घेतल्यावर तिनं माझ्या हातात दोन तुकडे दिले. एक पाइनची साधी पातळ फळी आणि दुसरा तेवढ्याच जाडीचा पाइनच्या प्लायचा.

"मोडा गुडघ्यावर."

फळी मी काडकन मोडली आणि आजूबाजूला कोण बघतंय का ते पाहिलं. मग प्लाय घेतली. तीनदा जोर लावला. प्लायला काही झालं नाही. गुडघ्याला मात्र दोन दिवस बाम चोळावा लागला.

"याच्यात पातळ पातळ थर असत्यात, अण्णा. एकाची रेघ उभी, तर त्याच्यावरच्याची आडवी. एक मोडाया लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो."

"म्हणजे मी आणि तुझी आई."

"आईला धरून ठेवायला लागत न्हाई," सायली म्हणाली आणि मशिन सुरू केलं.

त्या हलक्या प्लायमधून पोरगी जे काय काढायची ते बघून मी मनातल्या मनात गार व्हायचो. (उघडपणे नाही. बापानं उघडपणे गार होऊ नये.) आमच्या स्वयंपाकघरात तिनं माळा केला, बायकोच्या लोणच्याच्या बरण्यांना उंचीप्रमाणे कप्पे केले, कोंबड्यांच्या खुराड्याला असं दार केलं की मुंगसानं दोन दिवस बघितलं आणि नाद सोडला. शेजाऱ्यांच्या स्लॅबखाली सेंट्रिंगला प्लाय लावली होती. स्लॅब सुकल्यावर लोक ती फेकायला निघाले, तर सायलीनं ती घासूनपुसून त्यांच्याच पडवीत पार्टिशन उभं करून दिलं. आळेफाट्यापासून माणसं चौकशी करत यायला लागली. "ते प्लायवाल्या पोरीचं शेड कुठं?" असं मलाच विचारायची, आणि मी छाती फुगवून सांगायचो, पण चेहरा असा ठेवायचो की जणू रोजचंच आहे.

मग पिंपरी पेंढारचं स्थळ आलं. मुलगा ओंकार, घरची शेती, ठिबकच्या सामानाचं दुकान, बोलायला गोड. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. बैठकीला ओंकारचे वडील बबनराव आले. उंचेपुरे, पांढरीशुभ्र टोपी, कमी बोलणारे. सगळं जुळलं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय, त्यात वाद न्हाई. फकस्त ते करवतीचं काम... लग्नानंतर बघू."

आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते सांगायला नको. नोकरीत मी रजा मागितली की साहेब 'बघू' म्हणायचे. त्यातल्या बऱ्याचशा रजा अजून बघायच्याच आहेत.

सायलीनं ते आतून ऐकलं. पाव्हणे गेल्यावर ती शेडमध्ये जाऊन झाडत बसली, जिथं सकाळीच झाडून झालं होतं. ज्या पोरीला मी 'पुठ्ठ्यावर आयुष्य घालवतेस' म्हणत होतो, तिचं ते शेड बंद पडणार हे मलाच सहन होईना. मी दुसरा झाडू घेतला. तीच म्हणाली, "अण्णा, साखरपुडा कार्यालयात नको, आपल्या अंगणात करू. स्टेज मी करते. बबनकाकांना एकदा त्याच्यावर उभं राहू द्या, मग काय म्हणायचं ते म्हणू द्यात."

अंगणाला पुरेल असं वीस फूट बाय बारा फुटांचं स्टेज ठरलं. तिनं कागदावर हिशेब मांडला, साडेसात शीट. बायको म्हणाली, "आठ आणा. शुभकार्यात साडेसाती कशाला?"

मंचरला शांतिलालशेठच्या दुकानात आम्ही बापलेक गेलो. शेठची तिसरी पिढी आमच्या भागात, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. मी कलिंगड निवडल्यासारखा एकेका शीटवर टकटक करत होतो.

"भाऊ, आतून पिकलीय का बघताय?" शेठ म्हणाले.

"चांगली वाजते," मी म्हणालो.

सायली मात्र प्रत्येक शीट कडेनं बघत होती. थर कुठं सुटलेत का, गाठ कुठं गळून पोकळी राहिलीय का, शीटला बाक आलाय का. दोन शीट तिनं परत केल्या. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्याकडं वीस-वीस वर्षं काम केलेले मिस्त्री येतात, पण कड बघून माल घेणारे थोडेच." मी म्हणालो, "आमच्या घराण्यातच आहे ते." शेठनं माझ्या टकटक करणाऱ्या बोटाकडं बघितलं आणि बिल करायला घेतलं.

चार दिवस सायली अंगणात राबत होती. खाली लाकडी चौकट, तिला थोड्या थोड्या अंतरावर आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर प्लाय. सगळं स्क्रूनं. "खिळा मारायचा न्हाई अण्णा, कार्य झालं की हे उकलून आईच्या कोठीत फडताळ करायचंय." मला तिनं स्क्रूचा डबा धरायला दिला होता, आणि मी तो फार जबाबदारीनं धरत होतो.

"कपॅसिटी किती?" मी विचारलं.

"तीस माणसं आरामात."

"आणि उभे?"

"अण्णा, स्टेजवर सगळे उभेच असत्यात."

कार्पेट तिनं फक्त मधल्या भागात घातलं. कडेची प्लाय घासून, पॉलिश करून उघडीच ठेवली. लोकांना दिसायला पाहिजे ना, हे कशाचं केलंय ते. कार्याच्या सकाळी सगळं तयार होतं, फक्त पुढच्या उजव्या कोपऱ्यातली चार बाय चारची अर्धी शीट बसवायची राहिली होती. मायलेकी सकाळीच मंचरला पार्लरला गेल्या. जाताना सायली म्हणाली, "मी अकराला येते, मग शेवटचं काम करू."

आणि मी एकटा त्या रिकाम्या चौकोनासमोर उरलो.

आता बघा, माणसाला मोह कसा होतो. एवढं मोठं स्टेज पोरीनं एकटीनं केलं. उद्या व्याही विचारतील, तुम्ही काय केलं? स्क्रूचा डबा धरला, असं सांगू? बाप म्हणून माझा काही तरी हात लागायला नको का? अर्धी शीट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. उचलली, तर तिच्यावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं. चष्मा घरात होता. मापं-बिपं असतील, मी म्हणालो. पण पाव्हण्यांसमोर अशी गिरबीट बरी दिसत नाही, म्हणून मी शीट उलटी केली. लिहिलेली बाजू खाली, स्वच्छ बाजू वर. चौकोन चारी बाजूंनी सारखा, त्यामुळं ती कशीही बसत होती. मी मला सुंदर दिसेल तशी बसवली. स्क्रूचं मशिन मला चालवता येत नाही, म्हणून चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले. एक वाकला, तो आडवा पाडून दाबला. मग वर झेंडूची मोठी परडी ठेवली, माझ्या कामाला शोभा म्हणून.

सायली आली ती साडेबाराला. पार्लरमध्ये गर्दी होती आणि पिंपरी पेंढारच्या गाड्या फाट्यापर्यंत आल्या होत्या. धावतपळत ती साडी सावरत घरात शिरली आणि जाता जाता ओरडली, "अण्णा, तो कोपरा?"

"झाला!" मी म्हणालो. तिला काही विचारायची सवडच मिळाली नाही.

निवेदनाला आमच्या गावचे सुदामगुरुजी होते. गुरुजींचा आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. कोणी दुखावलं जाऊ नये म्हणून ते आलेल्या प्रत्येक मानकऱ्याला नाव घेऊन स्टेजवर बोलावतात. अंगठ्या घालून झाल्या आणि गुरुजींनी माइक हातात घेतला.

"विद्यमान सरपंच यांना विनंती, की त्यांनी उभयतांस आशीर्वाद देण्यासाठी व्यासपीठावर यावे."

सरपंच चढले. सरपंच चढले म्हटल्यावर माजी सरपंचांना बोलावणं आलंच, नाही तर त्यांनी जेवणावर पाणी सोडलं असतं. माजी सरपंच आले म्हणून त्यांच्याविरुद्ध पडलेले उमेदवार आले. मग दूधडेअरीचे चेअरमन, मग व्हाइस चेअरमन, मग संचालक. संचालक एकटे येत नाहीत. मुलाकडच्यांनी मागं का राहावं? त्यांच्याकडचे पोलीस पाटील, त्यांच्याकडचे चेअरमन, मामा, आत्याचे मालक. आणि आमच्याकडची रीत अशी की जो वर चढतो, तो फोटो निघेपर्यंत खाली उतरत नाही. फोटोग्राफर म्हणत होता, "सगळे आले की एकदमच घेतो."

मी खाली उभा राहून मोजत होतो. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस. तीस झाले तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडीत असतो तर केव्हाच बेल मारून दार लावून घेतलं असतं. मी गुरुजींना खालून हातानं खूण केली, पुरे. गुरुजींना वाटलं, कोणी तरी राहिलं म्हणून मी सुचवतोय. त्यांनी भजनी मंडळाला बोलावलं. भजनी मंडळात सहा जण आहेत.

छत्तीस! आणि स्टेज हललं नाही. कुरकुरलं नाही. मधोमध बबनराव उभे होते, त्यांनी टाच उचलून दोनदा हळूच आपटून बघितली, ते मी बघितलं. मग ते ओंकारकडं वळून काहीतरी बोलले आणि ओंकार हसला. सायलीनं ते ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालं, जिंकली माझी पोर. त्या क्षणाला मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता.

"आणि आता," गुरुजी म्हणाले, "ज्यांच्या घरी हा मंगल सोहळा संपन्न होत आहे, ते वधूपिता!"

मी वर गेलो. उभं राहायला कुठं इंचभर जागा नव्हती. एकच कोपरा मोकळा होता, तो परडीमुळं. परडी मी आदरानं उचलून हातात धरली आणि माझ्या शीटवर दोन्ही पाय ठेवले.

आवाज फार मोठा झाला नाही. एक काडकन, आणि मी कमरेपर्यंत खाली. स्टेज अडीच फूट उंच होतं, त्यामुळं पाय जमिनीला टेकले आणि खरचटण्यापलीकडं काही लागलं नाही. पण स्टेजच्या वर फक्त माझं धड, फेटा आणि डोक्यावर परडीतून उडालेली झेंडूची फुलं एवढंच दिसत होतं. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो घेतला.

मग मागून कुजबुज आली, "पोरीनं बनवलेलं व्हतं म्हणं." दुसरा आवाज, "तरी म्हनलं, प्लायचं कुटं स्टेज असतंय व्हय!"

बबनरावांनी सायलीकडं बघितलं. "हे तू बसवलं का गं?"

सायलीनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं, वाकडा खिळा तिच्या डोळ्यांसमोरच होता. पण ती म्हणाली, "स्टेज माझं हाय काका. जबाबदारी माझीच."

मी कमरेएवढ्या खड्ड्यात उभा आणि पोर माझ्यासाठी आपलं शेड घालवायला निघालेली. लाजेनं मान खाली गेली, तर पायाशी मोडलेल्या शीटचा तुकडा पडलेला, लिहिलेली बाजू वर. आता चष्मा डोळ्यांवर होता. (कार्याला मी तो लावतो, रुबाबदार दिसतो म्हणून.) मी वाचलं. दोनदा वाचलं. मग तुकडा उचलून गुरुजींकडं दिला.

"गुरुजी, हे वाचा. माइकवर."

गुरुजींना माइकवर काहीही वाचायला आवडतं. त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "ही शीट मीच बसवणार. खाली दोन पट्ट्या लावायच्या राहिल्यात. रेघ बाणाच्या दिशेनं. अण्णा, हात लावू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी, सवयीनं, दोनदा वाचलं.

पहिल्यांदा हसली ती माझी बायको. मग अख्खं अंगण. भजनी मंडळातले एक जण तर खाली बसले.

"बबनराव," मी खड्ड्यातूनच म्हणालो, "ही एवढी अर्धी शीट मी बसवली. बाकीच्या सातही शीट पोरीच्या. तिच्या शीटांवर छत्तीस माणसं हायेत, मी मोजलीत. माझ्या शीटवर एक व्हता, तो हा असा."

बबनराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून ओंकारकडं दिली, खाली उतरले, चक्क गुडघे टेकले आणि मोबाइलची बॅटरी लावून स्टेजखाली डोकं घातलं. बराच वेळ बघत होते. साडी सावरत सायलीही शेजारी वाकली.

"ह्या पट्ट्या किती अंतरावर घेतल्या?"

"दीड-दीड फुटावर, काका. अन् वरच्या थराची रेघ पट्ट्यांना आडवी जायला पाहिजे, म्हणजे वजन पेलतं. अण्णांनी ती उभी टाकली, अन् खाली पट्टीच न्हाई."

"हं. मंजी दोनी बाजूनं चुकीची."

"तिन्ही," मी म्हणालो. "खिळासुद्धा वाकडा आहे."

बबनराव उठले, गुडघे झटकले, टोपी घातली आणि गुरुजींच्या हातातून माइक घेतला. कमी बोलणारा माणूस, त्यामुळं लोक लगेच गप्प झाले. "मी बैठकीत 'बघू' म्हनलं व्हतं. आत्ता बघितलं. आमच्या रोडला दुकानाशेजारी एक गाळा रिकामा हाय, पोरीनं आपली मशिनं तिथं मांडायची. पैलं काम आमच्या घरचंच, हिच्या सासूला माळा पायजे हाय लई दिवसांपासनं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अजून खड्ड्यातच होतो, कारण मला बाहेर काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. "माजी अट येकच. व्याही कवाबी येऊ द्यात, चार दिस ऱ्हाऊ द्यात. पन गाळ्यात आलं तर पावणं म्हनून यायचं."

सायली रडली, बायको रडली, मीही रडलो. मला ते खड्ड्यात उभं राहून करावं लागलं.

आता लग्नाला वर्ष होऊन गेलंय. त्या स्टेजच्या सात शीटांचं बायकोच्या कोठीत फडताळ झालंय, आणि ते इतकं देखणं झालंय की बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी कोठी बघतात. पिंपरी पेंढारच्या गाळ्यात सायलीच्या हाताखाली दोन कारागीर आहेत. बबनराव रोज दुपारी तिथं खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकांना रेघ उभी का आडवी ते समजावून सांगतात, जणू त्यांनीच शोध लावलाय. मी पंधरा दिवसांतून एकदा जातो. दारात शिरलं की समोरच भिंतीवर चौकटीत बसवलेला मोडक्या प्लायचा एक तुकडा आहे, पेन्सिलीनं लिहिलेला. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास वाचतं आणि विचारतं, "हे अण्णा कोण हो?"

सायली मान वर न करता माझ्याकडं बोट दाखवते, आणि गिऱ्हाईक बघतं तर मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा असतो.